खोटीचा भाव

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
धरमपेठेत तिसऱ्या मजल्यावर
मला कूलरसाठी बोलावलं होतं.
"आतल्या खोलीत, भाऊ," बाई म्हणाल्या,
"आणि जरा हळू ठोका. घाबरतात ते."

आत देवघराएवढ्या काचेच्या पेट्या,
प्रत्येकीला आपला दिवा, आपलं थर्मामीटर,
आणि एकीत, नारळाच्या भुशावर,
वेटोळं करून बसलेले
पावणेदोन लाख रुपये.

पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, नाव प्रणित,
हिशेब तोंडपाठ:
हा बॉल पायथन, चेन्नईहून आला, थर्माकोलच्या खोक्यात.
तो नारंगी, बारा हजार.
पट्ट्यांची पाल आठ, पण जोडी घ्यावी लागते.
उंदीर गोठवलेले, नगाला नव्वद,
फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे,
आईला माहीत असून माहीत नाही.
लाइटबिल किती ते त्याने सांगितलं नाही.
ते बाबा भरतात.
"कागद आहेत, काका," तो न विचारताच म्हणाला,
"नोंद केलेली आहे. मांडूळवाल्यांसारखं नाही आपलं."

एसीने म्हणे हवा सुकते,
कात निघता निघता डोळ्यावर अडकून बसते,
म्हणून कूलर. म्हणून मी.

गवताचे पॅड काढता काढता विचारलं,
साधा कितीला मिळतो?
साधा पाच-सहा हजारात.
मग ह्याला एवढे काऊन?
"ह्याचं डिझाइन पाहा ना, काका."

पाहिलं.
तपकिरी-काळी नक्षी मानेपासून
नीट उतरत येते, उतरत येते
आणि थांबते.
वीतभर कोरं पांढरं.
पुन्हा चार बोटं नक्षी. पुन्हा पांढरं.
जसा धोटा रिकामाच फिरत राहिला
आणि मागावरच्याला डुलकी लागली.

गोळीबार चौकात आमचे दोन माग होते
मी नववीत जाईपर्यंत.
शेठ लुगडं उजेडात धरायचा,
अंगठा फिरवत फिरवत यायचा
आणि एक तुटका धागा सापडला
की त्याचा चेहरा खुलायचा.
चाळीस रुपये कमी.
बाबा काही बोलायचे नाहीत,
मांडीवरचं सूत झटकायचे,
नसलेलंसुद्धा.

इथे धागा जितका तुटला तितका भाव चढला.
आणि शेजारच्या पेटीतला तो दुसरा,
मान वाकडी करून छताकडे पाहत होता,
पुन्हा पुन्हा, पडलेलं काही शोधावं तसा, वर.
"ती जातच तशी. रंगासोबत येतं ते."
दुखतं का त्याला?
प्रणित काच पुसायला लागला.
काच स्वच्छ होती.

मोटरला तेल दिलं, पाणी भरलं,
पाण्याचा वास खोलीभर पसरला
तेव्हा तो हळूच म्हणाला,
मोठा संक्रांतीपासून जेवला नाही.
दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर
त्याचं वजन करून राहिला तो, वहीत लिहून राहिला,
एक हजार तीनशे दहा, एक हजार दोनशे नव्वद,
अक्षर बारीक, बँकेतल्यासारखं.
रात्री दोन-दोनदा उठून पाहतो म्हणाला.
मला माझी पोरगी आठवली, काविळीतली.
त्याला काय सांगणार.
"हात लावून पाहा," तो म्हणाला,
आणि माझ्या मनगटावर
ते कोरं, ते विणलेलं,
कोमट, जड, कुणाचंच नसल्यासारखं
सरकत गेलं.

साडेतीनशे झाले होते.
बाईंनी तीनशे दिले.
मी घेतले.

रात्री बाबांना सांगितलं.
मोतीबिंदूने त्यांना आता उजेड तेवढा कळतो.
पावणेदोन लाखांवर ते हसले नाहीत,
सापावर दचकले नाहीत.
बराच वेळ खाटेच्या दोरीवर
बोटं चालत राहिली,
मग म्हणाले,
"आणि काठ? काठ कसा होता?"

मी म्हणालो, काठ नव्हता, बाबा.
ते पुन्हा भिंतीकडे वळले.
"मग उसवणार ते," म्हणाले.