चौऱ्याऐंशी टक्के जुळणी

बेलापूरला, चौथ्या मजल्यावर
मी नावं तपासते.
यादी रोज सकाळी ताजी येते. दूर कुठेतरी
कुणीतरी माणसं तिच्यात घालतं,
क्वचित काढतं.

आज एक नाव लाल झालं.
जुळणी चौऱ्याऐंशी टक्के.
यादीतला तो टोळीचा म्होरक्या, डोंगरात असतो.
त्याची खाती गोठवली, तेल तोडलं, विमानं बंद केली,
बंदूक खाली ठेव, बोलायला ये, म्हणून.
आमचा हा पाइपांचा व्यापारी. तोच असेल.
नसेलही.
न्हावा-शेव्याला त्याचा कंटेनर अकरा दिवस उभा,
आत हातपंपाचे सुटे भाग: दट्टे, साखळ्या, चामड्याचे वॉशर.
वॉशरने गोळी सुटत नाही, असं मी शेऱ्यात लिहिलं.
मुकादम सर म्हणाले, मत नको घरत,
फक्त जुळव.

खाडीपलीकडे आमच्या गावात
ही रीत जुनी आहे.
बंदरात गेलेल्या जमिनीच्या पैशावरून
हिराजी काकाच्या पोरांनी कोयते काढले,
तेव्हा गावकीने घर वाळीत टाकलं.
दुकानात मीठ नाही, गिरणीत दळण नाही,
मयताला खांदा नाही.
काका ओटीवर बसून मिशीला तेल लावायचा.
चंद्री काकू दीड कोस चालून
परगावातून पदराआड मीठ आणायची.
आई म्हणायची, तिच्याकडं बघू नको.
मी बघितलं नाही.

सव्वा वर्षाने काका नारळ घेऊन देवळात आला.
कोयते माळ्यावर गेले ते गेलेच, हेही खरं.
गावकी म्हणाली, कसा वाकवला!
काकू काहीच म्हणाली नाही.
दुकानात गेली आणि इतकं मीठ घेऊन आली
की पुढचे दोन पावसाळे
त्या पोत्याला पाणी सुटत राहिलं.

दुपारी बातमी आली, म्होरक्या बोलायला तयार आहे,
तिसऱ्याच कुठल्या देशात, इस्त्रीच्या शर्टात.
नाव अजून यादीत.
पंप अजून यार्डात.

मी व्यापाऱ्याला लिहिलं: जन्मतारीख पाठवा,
वडिलांचं नाव, जुना पत्ता.
खाली एक ओळ जास्तीची लिहिली,
पाठवायच्या आधी पुसली:
तोवर तुमच्याकडे पाणी
कोण आणतं?