ज्युनियर

हॉबर्ट लायकिन्स वाचनालयात येतो शनिवारी,
रात्रपाळी उरकून, बोटांना ग्रीसचा वास घेऊन.
प्रिंटरचा दर पानाला दहा सेंट.
तीन कंपन्या, तीन अहवाल, सत्तेचाळीस पानं.
नाणी तो घरूनच मोजून आणतो.

पाचशे एकाहत्तर.
एवढ्या आकड्यावर पोर्ट्समथमध्ये घर सोडाच,
गवत कापायचं यंत्रही कुणी हप्त्यावर देत नाही.

मी काउंटरवरून पिवळा मार्कर सरकवते.
तो ओळी रंगवत जातो.
हे माझं नाही. हेही नाही.
बोटीचं कर्ज? मला पोहता येत नाही.
गुडघ्याची शस्त्रक्रिया?
विजार वर ओढून दाखवतो, भर वाचनालयात,
दोन्ही गुडघ्यांवर एक टाका नाही.

मग पान बाविसावर सापडतं:
तेच नाव, तोच पत्ता,
जन्मसाल मात्र सव्वीस वर्षं मागे,
आणि नावामागचा एक शब्द
कुठल्याशा यंत्राने शेपटीसारखा छाटलेला.

बाप जाऊन सव्वा वर्ष झालं.
पुरलं तेव्हा जमीन इतकी गोठलेली
की कुदळ चालेना.
पण थकबाकी थंडीने मरत नाही,
ती नाव हुंगत हिंडते,
आणि नाव तर इथेच होतं,
बूट बांधून कामावर निघालेलं.

आम्ही पत्र लिहितो. तो सांगतो, मी टाइप करते.
ही खाती माझी नाहीत.
ती माझ्या वडिलांची आहेत.
मी म्हणजे ते नव्हे.
शेवटची ओळ तो पुन्हा वाचायला लावतो.
"सोळाव्या वर्षी त्यांच्या तोंडावर हेच ओरडलो होतो," म्हणतो,
"तेव्हा पोचपावती घ्यायचं सुचलं नाही."

माझ्या भाषेत एक म्हण आहे, मी सांगते,
बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.
म्हणजे?
म्हणजे त्यांना तीस दिवस.
पुरावा दाखवा, नाहीतर ओळ खोडा.
तो खूप हसतो.
मग मार्करचं टोपण लावतो, काढतो, लावतो.

पान एकतीस.
आयर्नटनचं लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान.
खातं उघडलं मार्चमध्ये, तीनशे बारा डॉलर,
नऊ हप्ते वेळेवर, पुढचे तीन नाहीत.
मार्लिस मार्चमधलीच.
"ट्रकवरून पाळणा उतरवताना म्हणाले होते, रोख घेतला,
आपण लायकिन्स उधारीवर घेत नसतो."

कायद्याने हेही तुमचं नाही, मी म्हणते.
प्रिंटर गार होत जाताना टकटक वाजतो.
"लिहा," तो म्हणतो. "हेही खोडायला लिहा."

चौतिसाव्या दिवशी सहाशे त्रेचाळीस.
दोन कंपन्यांनी मुकाट्याने सगळं पुसलं.
तिसरीच्या लेखी तो अजून बोट चालवतो,
तिला दुसरं पत्र जाईल,
ओळखपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला,
हिरवी पोचपावती, पुन्हा तीस दिवस.

आज शनिवार नाही, तरी तो आला.
प्रिंट नको, एकच प्रत हवी.
काचेवर पालथा ठेवतो तो कागद:
आयर्नटनची पावती, अठ्ठ्याहत्तर डॉलर, रोख.
दुकानातल्या पोरीला म्हणे कळेचना
हा माणूस कुणाचे पैसे भरतोय,
संगणकात तर खातं बंद.
नावापुढे तिने काही लिहिलं नव्हतं.
यानेच पेन मागून घेतलं
आणि काउंटरवर वाकून, मोठ्या अक्षरांत,
सीनियर.

दहा सेंट त्याने आधीच मोजून आणलेत.