तिरका छेद

दुकान मी विकलं नाही, नुसतं बंद केलं.
काच आहे, पांढऱ्या फरशा आहेत, तागडी आहे,
आणि मांसाच्या तुकड्यांमध्ये खोचायची ती
प्लॅस्टिकची पार्सली, एका डब्यात.
मुलगी म्हणाली, बाबा, किती येरझाऱ्या घालाल?
आणि न विचारता माझं नाव घालून आली
चॅपलमागच्या खोलीत, फुलं मांडायच्या वर्गाला.
ऋतूला एक, वर्षाचे चार.

मार्च. अकरा बायका आणि मी, इद्वल खाटीक.
शिकवणारी एलुनेद प्रॉसर.
चाळीस वर्षं ओळखतो मी तिला:
शनिवारी हॅम, पातळ, चरबी काढून.
ती मला ओळखते पाठीवरून,
यंत्राकडे वळलेला असायचो ना मी.
चौथी चकती पडली की मागून आवाज यायचा, "पुरे."

आता ती टेबलामागे, मी बाकावर,
बादलीत रात्रभर गळ्यापर्यंत बुडवलेले ट्यूलिप.
"कापल्यावरही हे वाढतात," ती म्हणाली,
"बोटभर तरी. तेवढी जागा सोडायची."
मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता.
म्हटलं, आमच्या धंद्यात असं कधी झालं नाही.
अकराही जणी हसल्या. एलुनेद नाही.
जवळ येऊन तिनं माझी कात्री काढून घेतली.
"सुरी येते ना तुला? मग सुरीच घे.
छेद तिरका दे. देठाला पाणी पिता आलं पाहिजे."

जूनमध्ये पॉपी. कापल्याकापल्या देठाला
काडीची आच दाखवायची, नाहीतर माना टाकतात.
तो वास मला ओळखीचा निघाला:
नाताळच्या हंसांची उरलीसुरली पिसं मी अशीच जाळायचो.
खूश झालो, आणि भांडं भरलं
शनिवारची काच भरायचो तसं,
एक फरशी दिसता कामा नये.
एलुनेदनं एक काढलं. दोन काढली. सात काढली.
"हात आखडता घे, इद्वल. वाऱ्यानं जायचं कुठून?"
काढलेली सात तिनं बाजूला ठेवली,
मला वाटलं, गिऱ्हाईकानं माल परत केला.

ऑक्टोबरात ती आली नाही.
कार्डिफहून एक तरुण आला, शर्टाला माईक लावलेला,
हिरव्या फोमची वीट घेऊन.
खुपसलं की देठ हलायचं नाव नाही.
वाईट नव्हता तो. हात भराभर चालत होता.
शेवटी सोडत निघाली, पहिलंच बक्षीस मला,
डेलियांचा केशरी डोंगर.
बसमध्ये मावणार नाही म्हणून मॉरफिदला देऊन टाकला.
मी बसनं जात नाही, घर चार दारांवर आहे;
तिलाही ते माहीत होतं.
मग चहाच्या वेळी, कपात बघत, कुणीतरी बोललं:
डावी बाजू. अ‍ॅबरिस्टविथला आहे. बोलते, पण.

डिसेंबरात तिला खुर्चीतून आणलं.
मांडीवरचा डावा हात शालीत गुंडाळलेला,
कागदात बांधून ठेवलेल्या, न्यायला कुणी न आलेल्या
पुडक्यासारखा.
टेबलामागे मी. हेझलची उघडी फांदी, हॉली, आयव्हीची वेल.
ती हनुवटीनं दाखवत होती.
"ते नाही. शेजारचं. खाली. अजून.
पानं उतरव. ती पण."
सुरी माझी होती, बाकी सगळं तिचं.
बायकांनी विणकाम थांबवलं होतं.
मी आणखी एक हॉली उचलली, लाल फळांची, भरगच्च,
आणि मागून आवाज आला:
"पुरे."

हात जागच्या जागी थांबला.
त्याला विचारावं लागलं नाही.

उरलेली वेल घरी आणली.
दुकानाचा दिवा लावला, तागडीच्या एका पारड्यात पाणी ओतलं,
एक फांदी ठेवली, बाकीच्या परत काढल्या.
सकाळी काचेला नाक लावून पोस्टमन:
"उघडतोयस की काय रे?"
मी मान हलवली.
तो तरी उभाच राहिला जरा वेळ,
फरशा दिसत होत्या तिकडे बघत.

प्लॅस्टिकची पार्सली मात्र
अजून टाकवत नाही.