कारणांचा रकाना

हॅरिसबर्गला जानेवारीत नदी अर्धी गोठते.
मधला पट्टा तेवढा वाहतो, काळा,
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा हीटर
रिकामं पातेलं विस्तवावर राहिल्यासारखा तडतडतो.
माझं काम माफीचं नाही.
माझं काम माफीच्या कागदांचं.
टाचणी, शिक्का, क्रमांक, रबरबँड.

रोझलिंड टन्स्टॉल, वय अठ्ठावन्न, स्क्रँटन.
एक्क्याण्णव साली दोन चेकांवर मालकाची सही केली,
बॉयलरच्या दुरुस्तीपुरती.
शिक्षा भोगून झाली, दंड भरून झाला,
आता नातवाच्या शाळेत दुपारचं जेवण वाढायचंय, फुकट,
तर संगणक म्हणतो, थांबा.
सुनावणी उघडी झाली, नियमाप्रमाणे.
पाच खुर्च्या, एक माइक, पाण्याचा ग्लास.
कुणीही यावं, बसावं, ऐकावं.
नातू तिसऱ्या रांगेत होता.
आजीचं नाव आणि 'फोर्जरी' हा शब्द
त्यानं एका दमात पहिल्यांदा तिथं ऐकला.
चार विरुद्ध एक. मंजूर.
ती वळली तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता,
आधीच बांधलेली.

क्लिफर्ड योडरची पाळी यायला
तीन वर्षं सात महिने लागले.
सगळं रीतसर. पोलिसांचं मत, शेजाऱ्यांचं मत,
ज्याचा गोठा त्यानं विसाव्या वर्षी जाळला त्याचंही पत्र,
निळ्या शाईत, दोन ओळी: माझ्यापुरता विषय संपला.
तारीख कळवायला मी फोन केला.
बहीण म्हणाली, मंगळवारी पुरलं त्याला.
त्यासाठीही शिक्का आहे. 'अर्जदार मयत. बंद.'
मी तो नीट, सरळ मारला.
वाकडा शिक्का साहेबांना खपत नाही.

आणि एक नाव, जे मी इथं लिहिणार नाही,
ढिगातून आलंच नाही.
शुक्रवारी साडेचारला वरून निघालं,
सोमवारी सहीसकट खाली.
फाइल मागितली, तर फाइल नव्हती.
कारण विचारलं, तर हसून म्हणाले,
काम झटपट व्हावं म्हणून तूच ओरडत होतीस ना?
ओरडत होते. खरंय.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
उघडी कितीची, ते टन्स्टॉलबाईंना विचारा.

आता नवी योजना आलीय.
साधी प्रकरणं यादीनं, पन्नासाच्या गठ्ठ्यानं,
वाचन नाही, माइक नाही.
कुणाकुणाला पसंत, म्हणाले.
मला योडर आठवला, मी हात वर केला.
मग तो मुलगा आठवला, हात वरच ठेवला.
मग ते शुक्रवारचं नाव आठवलं,
आणि तोच हात कपाळाशी नेऊन
मी केस सारखे केले.

फॉर्मही आखूड झालाय.
'कारणे' हा रकाना आता अर्ध्या इंचाचा.
शेजारच्या टेबलावरची मारिसोल विचारते,
तुमच्या भाषेत एवढ्यात काय मावेल?
मी सांगते, कराडला वडील किराणा दुकानाचा हिशेब लिहायचे,
पानाच्या तळाशी चार अक्षरं,
चू. भू. द्या. घ्या.
चूकभूल द्यावी घ्यावी.
ती म्हणते, पण कुणी द्यायची? आणि कुणी घ्यायची?
मी थांबले.
त्या वहीत दोघंही एकमेकांना ओळखायचे.
वडील वही गिऱ्हाइकाकडे फिरवायचे,
आकड्यावर बोट ठेवायचे,
आणि तरी रांग सरकायची.
रांगेत सात जण असायचे, फार तर.
माझ्या कपाटात अकराशे आहेत.

पाच वाजले. योडरची फाइल तळघरात न्यायचीय.
तिचा रकाना बघते. कोरा.
बंद फाइलीत काही लिहायचं नसतं.
पेन्सिलीनं लिहिते, पुसता येईल असं,
उशीर आमचा.
दोन शब्द. अर्ध्या इंचात मावले.
जागा उरली.