धडा अकरावा

कोपरखैरणे, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा,
संध्याकाळी सात ते आठ स्पोकन इंग्लिश.
फळ्यावर मी एकाखाली एक लिहितो
प्राइस, रेट, कॉस्ट, व्हॅल्यू
आणि सांगतो, या सख्ख्या जावा;
एकीचं ताट दुसरीपुढे वाढायचं नाही.

पहिल्या बाकावर द्वारकाबाई भोईर.
नखाशी एक खवला चिकटलेला, चमकतो.
टॉवरमधल्या बाया इंग्रजीत घासाघीस करतात
म्हणून फी भरलीय तिने, दोन हप्त्यांत.

प्राइस म्हणजे मी बोलते ती, ती म्हणते.
रेट म्हणजे पहाटे दिवाळ्याच्या जेट्टीवर
दुसराच कुणी बोलून जातो तो.
कॉस्ट?
बर्फ, टेंपो, आणि हा गुडघा, सर.
वर्ग हसतो.
मी तिला पैकीच्या पैकी देतो.

बार्गेनपाशी मात्र अडते.
हुज्जत घातली तरी बार्गेन,
स्वस्तात पदरात पडलं तेही बार्गेन?
मग ज्याने स्वस्तात सोडलं
त्याच्या पदरात पडलं त्याला काय?
मी पान उलटतो. पुढच्या पानावर
सुपरमार्केटचं चित्र, हसरं कुटुंब, ट्रॉली.

बाय आणि सेल.
एकाने विकलं तरच दुसऱ्याने घेतलं ना, सर?
अर्थात.
माझ्या सासऱ्याने विकलं नव्हतं.
समोरच्याने भावही विचारला नव्हता.
तरी या झेरॉक्सखाली आमचं खाचर आहे,
भाताचं.

खडू सापडत नाही. मग सापडतो.
अ‍ॅक्वायर, मी लिहितो, जरा बारीक अक्षरात.
ती वहीत उतरवते, सी गाळून.
तो आहे तिथे, मी सांगतो,
फक्त ऐकू येत नाही.
ती माझ्याकडे बघते,
आणि सी घुसवते मधे, दोनदा गिरवून.

जाताना जिन्यात विचारते,
भवानीला काय म्हणायचं इंग्रजीत?
फर्स्ट सेल, मी म्हणतो,
आणि तोंडात पुठ्ठ्याची चव येते.

सकाळी बोनकोडे नाक्यावर मीच पहिला.
मांदेलीचा वाटा. टू हंड्रेड, सर, फिक्स्ड.
मी घासत नाही.
ती नोट पाटीला लावते, कपाळाला लावते,
ओठात काहीतरी पुटपुटते
(इंग्रजी नसावं)
आणि वीस रुपये परत करते.
मी मागितले नव्हते.
राहू द्या, म्हणते, धडा अकरावा.