चौदावं खोकं

एकूण एकतीस खोकी. फळीवर लावली
तर सहा मीटर आणि वर चार बोटं.
मुलानं ट्रकमधून आणून उतरवली, म्हणाला,
"गॅरेजला ओल यायला लागलीय, शिवाय मला बोट ठेवायचीय."
पावती खिशात घातली. इंजिन चालूच होतं बाहेर.

आता ॲम्ब्रोज पेली, माजी मंत्री, मत्स्यव्यवसाय,
यांचं दप्तर माझ्या ताब्यात.
माझं काम साधं: गंजलेल्या टाचण्या काढायच्या,
कागद उलगडून सपाट करायचे, पेन्सिलीनं आकडा घालायचा
आणि मत असू द्यायचं नाही.
हे शेवटचं दुपारी जड जातं,
सेंट जॉन्सच्या बंदरातून धुकं चढून
खिडकीला नाक लावून उभं राहतं तेव्हा.

पहिलं खोकं, निवडणुका.
सात जिंकल्या. आठवी बासष्ट मतांनी गेली.
त्या बासष्टांची यादी केलीय त्यानं, नावानिशी,
गावागावानं, नुसत्या संशयावर.
सत्तेचाळिसाव्या नावापुढे प्रश्नचिन्ह:
लेव्ही पेली. सख्खा भाऊ.

पाच ते नऊ भाषणं.
धक्क्याच्या उद्घाटनाला जे, तेच शाळेच्या,
फक्त "मासे" खोडून "मुलं".
समासात बायकोचं अक्षर: हळू. इथे थांब. टाय बघ.
एकाहत्तरच्या मार्चनंतर समास कोरे.
मी नोंद केली: "समासात दुसऱ्या हाताचे शेरे, १९५८ ते १९७१."
त्याहून जास्त लिहायची आम्हाला मुभा नाही.

चौदावं, बेटं.
कुटुंबामागे अमुक डॉलर, सगळ्यांनी सह्या केल्या तर.
डॉक्टर मिळेल, वीज मिळेल, डांबरी रस्ता मिळेल.
(मिळाले. हेही खरं आहे.)
नकाशावर लाल पेन्सिलीच्या फुल्या,
हॅगडाऊन बेटावरची दोनदा गिरवलेली,
कागद जरा फाटलाय तिथं.

बाबा हॅगडाऊनचे. नऊ वर्षांचे होते
घर पिंपांवर तरंगवून, बोटीला बांधून ओढत नेलं तेव्हा.
ते फक्त मांजराची गोष्ट सांगतात:
आत राहून गेलं, वरच्या खिडकीत बसलं,
आणि लांब जाणाऱ्या बेटाकडे बघत
निवांत पंजा चाटत होतं.

वहीच्या फाडलेल्या पानावर विनिफ्रेड स्नूक लिहितात:
"साहेब, तुमच्या माणसानं घरं मोजली, होड्या मोजल्या,
चर्चची बाकंसुद्धा मोजली.
माझी चार माणसं टेकडीवर पुरलेली आहेत.
त्यांचा दर काय धरलाय?"

मागे उत्तराचे तीन कच्चे मसुदे.
"आपले पत्र पोचले."
"आपले पत्र पोचले."
तिसऱ्यावर नुसतं "विनिफ्रेड,"
आणि कपाचा गोल डाग.
उत्तर पाठवल्याची प्रत आढळत नाही.

शेवटच्या खोक्यात किरकोळ: चष्म्याची बिलं,
कुत्र्याचा परवाना, एका नावाड्याच्या सोळा पावत्या.
दर ऑगस्टला एक. "हॅगडाऊन, एक माणूस, जाऊन येऊन."
मंत्रिपद गेल्यानंतरच्या सगळ्या.
माझा हात तिथं जरा थबकला.
शेजारच्या टेबलावरून ड्युलसी म्हणाली,
"ट्राउटला जात असेल. तिथल्या तळ्यात चांगले लागतात."
असेलही.
टेकडी आणि तळं, दोन्हीला वाट एकच आहे,
बाबा सांगतात, धक्क्यापासून विहिरीपर्यंत,
मग फुटते.

रात्री त्यांना फोन केला. म्हटलं,
तुमच्या बेटाचे कागद आलेत माझ्याकडे.
नकाशा आहे, सह्या आहेत, तुमच्या वडिलांचीही आहे,
ठळक, शाई पसरलेली.
बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला.
"मांजराचं काही आहे त्यात?"
नाही, म्हटलं.
"हं," म्हणाले,
आणि डिझेलचा भाव सांगायला लागले.