टायरच्या दुकानातली हवा

नोव्हेंबरात हॅल्वर रुडसेनच्या दुकानात
टायर कमी, हरणं जास्त.
बाहेर उणे चौदा. नॉर्थ डकोटाचा वारा
फुकटचा, म्हणून कोणाच्या कामाचा नाही.
आतला मात्र काट्यावर मोजून मिळतो.

मी तिथला दुसऱ्या वर्षाचा पोऱ्या.
नळी धरणं माझं काम.
मांसाला तेलाचा वास लागू नये म्हणून
हरणांची नळी वेगळी, तिची गाळणी वेगळी,
वर हिरवी चिकटपट्टी,
माझ्यासारख्यालाही कळावं म्हणून.

व्हर्ना स्कोगस्टाड आली तेव्हा अंधार पडला होता.
पिकअपच्या हौद्यात हरणी,
जिभेचं टोक दातांत धरलेलं,
सुईत दोरा ओवताना धरतात तसं.
"एका गोळीत," व्हर्ना म्हणाली.
कोणी विचारलं नव्हतं.

दरवर्षी तिचा नवरा यायचा,
ही गाडीतच बसायची, काचा वर करून.
यंदा बंदूक त्याचीच. कोटही त्याचाच,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
तेही कोणी विचारलं नाही.

हॅल्वरने टाचेच्या वर नखाएवढी चीर दिली,
नळीचं तोंड आत सरकवलं,
भोवतीची कातडी मुठीत आवळली
आणि माझ्याकडे बघून हनुवटी हलवली.

मी खटका दाबला.

आधी काहीच होत नाही.
मग केसांखाली कुरकुर,
गोठलेल्या तळ्यावर पहिलं पाऊल टाकावं तशी.
मांडी फुगते. पोट. खांदे.
हॅल्वर मुठीने थोपटत हवा पुढे हाकतो,
बगलेकडे, मानेकडे, गुरं वळवावीत तशी,
आणि मेलेली हरणी
वारं प्यालेल्या वासरासारखी
चारी पाय ताठ फेकते.

पहिल्या वर्षी याच जागी
मी नळी टाकून पळालो होतो.

व्हर्ना पळाली नाही. पुढे आली.
"अजून थोडी," म्हणाली.

हॅल्वर सांगतो, त्याचा आजा
हेच सायकलच्या पंपाने करायचा,
आणि आजाचा बाप नुसत्या तोंडाने, पोकळ बोरू लावून.
"ओठांना केस चिकटायचे. त्या दिवशी जेवण जायचं नाही."
खरंखोटं तो जाणे.

कातडी आणि मांस यांच्यात एक जागा असते.
जन्मभर मिटलेली,
जिची ती, तिलाही माहीत नसलेली.
सुरी तिला शोधते आणि चुकते,
कधी कातड्याला भोक, कधी मांसाला चरा.
हवेला ती विचारावी लागत नाही.

"मी ओढू?" व्हर्नाने विचारलं.
कोट काढून टायरांच्या चळतीवर टाकला,
दोन्ही हातांनी धरलं, मागे रेलली.
कातडं उतरलं,
झोपलेल्या पोराचा स्वेटर काढावा तसं,
फक्त मानेशी थोडं अडून.
कुठे एक चीर नाही. मांसावर एक केस नाही.
खाली सगळं निळसर, ओलं, वाफाळतं,
आणि फार लहान.
इतकीशीच होती, असं काहीसं
ती पुटपुटली.

पैसे हॅल्वरने घेतले नाहीत, काळीज घेतलं,
वर्तमानपत्रात गुंडाळून.

कोट तिथेच राहिला.
"येईल," हॅल्वर म्हणाला
आणि नळ्यांच्या खुंटीवर अडकवला.
मार्चपर्यंत होता.
कॉम्प्रेसर घरघरला की
डावी बाही जराशी हलायची.

मग त्याने तो मला दिला.
खांद्यांत सैल होतो.